खालून पाहायचं मखर

आषाढी अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पडवीत करीमभाई पिंजाऱ्यांशी गादीचा सौदा ठरला. रुई आमची, घरातल्या दोन जुन्या गाद्यांची. खोळही आमची. पिंजणं, भरणं आणि टाके घालणं त्यांचं. मजुरी अडीचशे रुपये. हजर तिघं: करीमभाई, माझी बायको शोभा आणि मी. मी हजर होतो म्हणजे फळीवर उताणा पडलेला होतो. आदल्या संध्याकाळी अकोल्याच्या दवाखान्यातून मला जीपमध्ये आडवं घालून आणलं होतं. कमरेखाली पाय होते, पण ते माझे आहेत असं वाटत नव्हतं.

करीमभाई सुतळीने माझी डोक्यापासून टाचेपर्यंत लांबी मोजत होते. मी शोभाला म्हणालो, "पैसे आताच देऊन टाक. माझं काही सांगता येत नाही."

करीमभाईंचा हात थांबला. सत्तरीचा माणूस, शेजारी, माझ्या वडिलांच्या लग्नातल्या गाद्याही त्यांनीच भरलेल्या.

"असे पैसे मी नाही घेत, भाऊ," ते म्हणाले. "अडीचशे म्हनलं तं अडीचशे घेईन, एक रुपया नाही सोडनार. पन माह्या ओट्यावर. तुमी चालत येऊन देसान तवा."

"आणि नाहीच चालता आलं तर?"

"तं माहे अडीचशे बुडाले. शेजाऱ्याचे पैसे बुडवता का आता?"

शोभा तोंडाला पदर लावून आत गेली. हसायला गेली की रडायला, ते मी विचारलं नाही.

अंदाज

मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं गाव आणि रस्त्यालाच लागून माझी पिठाची चक्की. वीस वर्षं मी तिथे डबे उचलले, तोलले, ओतले. त्यामुळे पाठ दुखायला लागली तेव्हा गावातल्या प्रत्येकाला कारण आधीच माहीत होतं. डबे उचलून पाठ भरली. कुणी तेल दिलं, कुणी पट्टा. एकाने मला जमिनीवर पालथं पाडून पाठीवर पाय दिला. हे लिहिण्याचं एक कारण तेच आहे: पाठ महिनोन्‌महिने दुखत असेल, संध्याकाळी अंगात कणकण असेल आणि वजन उतरत असेल, तर पाठीवर कुणाचाही पाय पडू देऊ नका. आधी पाठीचा एक्स-रे फोटो काढा.

माझं वजन उतरत होतं हे मला समजायला हवं होतं, कारण दिवसभर काट्यापाशीच उभा असायचो. पण काट्यावर मी डबे ठेवले, स्वतः चढलो नाही.

मग एका सकाळी घरून चक्कीवर पोचलो. मागून शोभाने हाक मारली, "अहो, एक चप्पल कुठी आहे तुमची?"

खाली पाहिलं तर उजवा पाय अनवाणी. चप्पल वाटेत निसटून पडली होती आणि मला पत्ता नव्हता. चार दिवसांनी दोन्ही पाय दुमडायला लागले.

फिल्म

अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडावर धरली. एकावर एक मणके, नीट रचलेले, आणि मध्येच दोन कडेने कुरतडलेले. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला ते पाहून एकच गोष्ट आठवणार. मी म्हणालो, "बोंडअळी लागल्यासारखं दिसते."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तसंच समजा. मणक्याचा टीबी आहे."

"मला तर खोकला नाही."

"याला खोकला लागत नाही. आणि तुमच्यापासून घरात कुणाला लागणही होणार नाही."

मी पायांचं विचारलं. त्यांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली. "तीन महिने सपाट पडून राहायचं. उठून बसायचं नाही, जेवायलाही नाही. एकही गोळी चुकवायची नाही. पायांत जोर आला तर तेवढ्यात यायला लागेल. नाही आला तर ऑपरेशनचं बघू, पण त्याचीही खात्री मी देत नाही."

त्यांनी गोड बोलून फसवलं नाही, याचं मला बरं वाटलं. शोभाला वाटलं नाही. ती व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, आणि मला तिच्याकडे जाता येत नव्हतं. आजाराची पहिली खरी ओळख मला तेव्हा झाली.

वॉर्डात मला पाहायला फक्त छत होतं. सकाळी ताप बघायला यायचे, मग गोळ्या, मग दलिया, मग डॉक्टरीणबाई येऊन किल्लीच्या टोकाने तळव्यावर रेघ ओढायच्या आणि विचारायच्या, "कळलं?" मी रोज "नाही" म्हणायचो. लघवी लाल झाली तेव्हा मी घाबरलो. ते गोळीमुळे होतं, हे आधी सांगितलेलं असतं तर एक रात्र वाचली असती. झाडूवाल्या मावशी येता-जाता माझी उशी सारखी करायच्या आणि म्हणायच्या, "वर काय लिवलं आहे का? मोठ्यानं वाचा, आमाले बी ऐकू द्या." पंधरा दिवसांत हसू आलं ते त्यांच्यामुळेच.

घर

करीमभाईंनी गादी आणली ती पाटासारखी, हात दाबला तर जेमतेम दबेल अशी. मी म्हटलं, ही फारच कडक झाली. ते म्हणाले, "तुमाले झोपाचं नाही, सरळ राहाचं आहे. जुनी गावरानी रुई होती म्हनून असं जमलं. आताचा हा बीटीचा कापूस लंबा आहे, मिलवाल्याले पाहिजे तसा. गादीत तो बसते दबून."

फळी पडवीत ठेवली, म्हणजे मला चक्कीचा आवाज ऐकू येईल. ही चूक झाली. चक्की आता शोभा चालवत होती आणि मी पडल्या पडल्या आवाजावरून हुकूम सोडत होतो.

"दगड घासून राह्यला! ज्वारी आहे का गहू?"

"गहू."

"मग जरा वर घे!"

"पट्टा सैल आहे, बघ!"

तिसऱ्या दिवशी ती पिठाने पांढरी झालेली पडवीत आली. "हे पाहा. एकतर तुमी दळा, नाही तं मी दळते. दोघांनी मिळून एक डबा नाही दळता येत. तुमाले काम नाही म्हनून माहं डोकं खाऊन राह्यले."

खरं होतं. माझं खाणं, धुणं, लघवीचं भांडं देणं-नेणं, सगळं करून ती चक्की चालवत होती. पन्नाशीला आलेल्या माणसाने बायकोकडे भांडं मागायचं, हे सोपं नसतं. मी ते रागावून मागायचो. ती रागावून द्यायची. दोघांनाही राग कशाचा आहे ते माहीत होतं.

त्यातच गावात टीबी हा शब्द पोचला. डबे कमी झाले. लागण होत नाही हे कुणाकुणाला सांगणार? तेव्हा करीमभाईंच्या घरच्या अमिनाभाभी बाजाराच्या दिवशी, रस्ता भरलेला असताना, डोक्यावर डबा घेऊन आल्या आणि पलीकडच्या बसथांब्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "शोभाबाई, बारीक दळजो! पावन्याले पोया कराच्या आहे!" पाहुणे वगैरे कुणी नव्हते. पुढच्या आठवड्यात पुन्हा आल्या. हळूहळू बाकीचे डबेही परतले.

हाताला काम

भांडणाच्या त्या दिवशी शोभाने चुलीजवळच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांच्या, ढिगातून एक ओंजळ सुकी बोंडं तोडून माझ्या छातीवर टाकली. कापूस वेचून घेतल्यावर झाडावर राहतात ती रिकामी, चार-पाच पाकळ्यांची, टोकदार. "घ्या. याचं काहीतरी करा. हात तं चांगले आहे ना?"

मी आधी फक्त ती निवडली. चार पाकळ्यांची एकीकडे, पाच पाकळ्यांची दुसरीकडे. मग करीमभाईंनी त्यांच्या धनुकलीची तुटलेली तात दिली. रुई पिंजायच्या त्या मोठ्या धनुष्याची दोरी, आतड्याची, चिवट. तिच्यात मी बोंडं ओवली, एकावर एक. ओवून झाल्यावर डोळ्यांपुढे धरली तर तो माझ्या पाठीचा कणाच होता, फिल्ममधला. फक्त कुरतडलेलं काही नव्हतं.

मग मला तसं कुरतडलेलं बोंड हवंसं वाटलं. करीमभाईंनी नव्या ढिगात शोधलं. "भाऊ, पैलं दर बोंडाले भोक राहे. हे बीटी आल्यापासून किडकं बोंड मागून भेटत नाही. अन् तरी कास्तकार रडूनच राह्यला!" शेवटी गोठ्यामागच्या जुन्या पऱ्हाटीत दोन सापडली, अळीने कडेने खाल्लेली. ती मी माझ्या मणक्यांच्या जागी ओवली. का, ते मला नीट सांगता येणार नाही. फिल्म अकोल्याला होती आणि ती पाहून मला भीती वाटली होती. हा कणा माझ्या हातात होता आणि त्याची भीती वाटत नव्हती.

चक्कीची जाळी फाटलेली एक मोठी चाळणी होती. तिची गोल कड मी मागवली. माझी मुलगी स्वाती तेव्हा सातवीत. तिच्या पाळण्याच्या कड्या पडवीच्या वाशाला तशाच होत्या. त्यांना दोरी लावून ती कड माझ्या छातीवर लोंबेल अशी टांगली. दोरी सोडली की खाली येई, ओढली की वर जाई. बसता येत नसल्याने सगळं काम वर हात करून. दहा मिनिटांत हात भरून येत. मग थांबायचं.

स्वातीनेच विचारलं, "बाबा, हे भुलाबाईचं मखर होईल का?"

आमच्याकडे भादव्याच्या पौर्णिमेला मुली भुलोजी आणि भुलाबाई, म्हणजे शंकर-पार्वती, मांडतात, महिनाभर घरोघर गाणी म्हणत फिरतात आणि कोजागरीला पाच धांड्यांचं मखर करतात. धांडे म्हणजे ज्वारीची वाळलेली ताटं. पण गावात जिकडेतिकडे कपाशी झाली होती. चक्कीवर ज्वारीचे डबे कमी झाले ते मी रोज पाहत होतो; धांडेही गेले, हे मात्र स्वातीने विचारल्यावर लक्षात आलं. तेव्हा मी पाच पऱ्हाट्या निवडल्या, सरळ, बोटाएवढ्या जाड. चाळणीच्या कडेवर पाच ठिकाणी बांधल्या आणि वर शेंडे एकत्र आणले. तिच्या वर्गातल्या एका मुलीचं म्हणणं पडलं की पऱ्हाटीचं मखर चालत नाही. शोभा म्हणाली, "जे शेतात पिकलं तेच देवाले. आपल्याकडे आता हेच पिकते."

आकाशासाठी चमक हवी होती. पेरणी दोनदा करावी लागली होती त्या वर्षी, त्यामुळे बियाण्याची रिकामी पाकिटं बांधांवर दुप्पट पडली होती. आतून चांदीसारखी. शोभाने ती आणली, सोड्याने दोनदा धुतली, आणि त्यांतल्या एकात राहिलेलं गुलाबी बी मी मण्यांसाठी मागितलं तर म्हणाली, "त्याले दवाई लावेल असते. टीबीतून वाचले तं याच्यानं मराचं आहे का?" बी तिने खड्डा करून पुरलं. पाकिटं मी कापून, चांदीची बाजू खाली करून वर चिकटवली. मध्ये सूर्य म्हणून चक्कीच्या पट्ट्याचा गोल तुकडा, हळद लावून. त्याच्याशेजारी माझ्या कण्याची माळ आणि भोवती बाकीच्या बोंडांच्या माळा. वारा आला की माळा एकमेकींवर आपटत, कोरड्या, हलक्या आवाजात.

टोक

शोभा रोज दिवेलागणीला फणीच्या कोपऱ्याने माझ्या तळव्यावर रेघ ओढायची. "कळलं?" "नाही." मग ती गोळ्या द्यायची आणि दोघं दुसरं काहीतरी बोलायचो. भुलाबाई बसल्या, मुली गाणी म्हणून गेल्या, आणि तीन महिने भरायला थोडेच दिवस उरले. उशीखाली अडीचशे रुपये वेगळे ठेवले होते. रोज हात लावून बघायचो आणि करीमभाईंचा राग यायचा. सरळ घेतले असते तर काय बिघडलं असतं?

एका दुपारी गार वारा सुटला. कडेची एक माळ तुटली आणि बोंडं अंगावर, पार पायांपर्यंत उधळली.

"अगं आई गं!"

शोभा चक्की चालू ठेवून धावत आली. "काय झालं? कुठी लागलं?"

"पायाला."

ती जागच्या जागी थांबली. "कोनत्या पायाला?"

"उजव्या. अंगठ्यापाशी."

तिथे एक बोंड टोकावर उभं होतं. कापूस वेचणाऱ्या बायांची बोटं ज्याने फाटतात, ते टोक. शोभाने ते उचललं आणि डाव्या पायाला टोचलं. तिथे काही कळलं नाही. पुन्हा उजव्याला. मी ओरडलो. ती पुन्हा टोचायला लागली, रडतही होती, आणि मी ओरडत होतो, "पुरे, पुरे, कळलं!" पलीकडे चक्की रिकामीच फिरत होती. दगड घासत होते. त्या दिवशी मी काही बोललो नाही.

डावा पाय आठ-दहा दिवस मागे राहिला, पण आला.

उभा

कोजागरीच्या आधी अकोल्याला जाऊन आलो. डॉक्टरीणबाईंनी पाठीला कडक पट्टा दिला. आधी उभं राहायचं, मग थोडं चालायचं. बसायला अजून महिनाभर मनाई, कारण बसल्यावर मणक्यांवर जास्त भार येतो. गोळ्या पुढे वर्षभर. मनासारखं सगळं नव्हतं, पण पाय आले होते.

घरी एका बाजूने शोभा, दुसऱ्या बाजूने करीमभाई. कुशीवर वळवून मला फळीवरून सरळ उभं केलं. डोळ्यांपुढे अंधारी आली, ती गेली, आणि तीन महिन्यांनंतर उभ्याने पाहिलेली पहिली गोष्ट म्हणजे नाकासमोर टांगलेलं माझं मखर.

ते भयंकर होतं. जिकडेतिकडे गाठी, खळीचे ओघळ, तातीची टोकं. आणि वरून सगळीकडे पाकिटांची छापील बाजू: कपाशीचे फोटो, किमती, आणि विषाचा लाल त्रिकोण, एक नाही, चांगले सात-आठ. मी सगळं पडून, खालून बघून केलं होतं. वरची बाजू असते, हे डोक्यातच आलं नव्हतं.

करीमभाईंनी मखर सगळीकडून फिरून पाहिलं. "वा, भाऊ. भुलाबाईच्या डोक्यावर फवारा मारता का?"

मला इतकं हसू आलं की पट्टा टोचायला लागला.

कोजागरीला संध्याकाळी मुली आल्या. किती येतील याची स्वातीला धास्ती होती. पाटावरच्या भुलाबाईभोवती जागा पुरेना इतक्या आल्या. आणि पहिलीनेच त्रिकोण पाहिला. "अगं, हे काय लावलं!" स्वातीचं तोंड उतरलं. मी भिंतीला धरून उभा होतो.

शोभाने सतरंजी अंथरली, मखराची दोरी ओढून ते वर वाशाला नेलं, खाली मध्यभागी पाट सरकवला आणि मुलींना म्हणाली, "झोपा."

"काकू, झोपून गानं म्हनाचं?"

"हो. तुमच्या काकानं झोपूनच केलं, तुमी झोपूनच पाहा. चला, पाय बाहेर, डोकी आत."

मुली खिदळत आडव्या झाल्या, गोल, चाकाच्या आऱ्यांसारख्या. शोभाने समई पाटाजवळ ठेवली. चांदीत उजेड गेला, वारा आला, माळा वाजल्या. खिदळणं थांबलं. मग एकीने झोपल्या झोपल्याच गाणं सुरू केलं आणि बाकीच्यांनी उचललं. झाकलेली खिरापत ओळखायचा खेळही त्यांनी वर बघतच खेळला. पऱ्हाटी चालत नाही म्हणणारी मुलगी सगळ्यात शेवटी उठली.

मी ते उभ्याने पाहिलं. मला खालून पाहायची गरज नव्हती.

पोचते

दुसऱ्या दिवशी सकाळी, पट्टा बांधून, काठी घेऊन मी घराबाहेर पडलो. शोभा दोन हात मागे होती, मी सांगितलं म्हणून. मध्ये रस्ता आहे, तो एक ट्रक जाऊ देऊन ओलांडला. दोन्ही चपला पायात आहेत ना, हे मी दोनदा पाहिलं.

करीमभाई ओट्यावर कुणाची तरी जुनी रुई उसवत बसले होते. त्यांनी मला येताना पाहिलं, पण मान खाली घालून उसवत राहिले. मी ओट्याशी पोचलो, नोटा काढल्या, पुढे केल्या. त्यांनी हात पुसले, नोटा घेतल्या, मोजल्या आणि बंडीच्या खिशात घातल्या.

"बसा, भाऊ."

"बसायची मनाई आहे अजून. महिनाभर."

त्यांनी आत हाक मारली, "अमिना, चहा टाक, पाव्हना आला!" मग गुडघ्यावर हात रेटून, कण्हत, ते स्वतः उठून उभे राहिले. मी म्हटलं, तुम्ही कशाला उठता, तुमचे गुडघे दुखतात. ते म्हणाले, "पाव्हना उभा अन् मी बसलो, असं या ओट्यावर झालं नाही."

आम्ही दोघांनी उभ्यानेच चहा घेतला.

गादीची मजुरी, अडीचशे रुपये, करीमभाई पिंजारी यांना, त्यांच्या ओट्यावर, चालत जाऊन दिली. पूर्ण पोचली.